बुधवार, रात्री आठ: घरच्या घरी गीतमाला कशी बसवायची

अमीन सायानी गेले २० फेब्रुवारी २०२४ ला, मंगळवारी. आमच्याकडं बातमी पोचली दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तो बुधवार होता. दादाचा बार्शीवरनं फोन आला, कशी आहेस, काय चाललंय, काही नाही, नुसतं म्हणाला, "माई, आज बुधवार आहे गं." आणि मग दोघंही बराच वेळ गप्प. ज्यांनी त्या काळात रेडिओ ऐकलाय त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, बुधवार म्हणजे बिनाका गीतमाला, रात्री आठ ते नऊ, श्रीलंकेचं रेडिओ सिलोन. हिंदी सिनेमाची गाणी नंबर लावून वाजवायचा कार्यक्रम, आणि निवेदक अमीन सायानी.

पुढं दादाच्या सत्तरीला काय द्यायचं असा प्रश्न आला तेव्हा मी ठरवलं की शाल-श्रीफळ राहू दे, आपण त्याला एक गीतमाला द्यायची, एका तासाची, पायदान-बियदान (पायदान म्हणजे गाण्याचा नंबर) सगळं धरून. ती इतकी रंगली की आत्तापर्यंत आमच्याकडं असे नऊ बुधवार झालेत. नात्यातले, ओळखीचे विचारत असतात कसं करता म्हणून, तर एकदाच सगळं लिहून ठेवते. कुणाच्या आईवडलांसाठी, काकांसाठी, मामीसाठी करायचं असेल तर उपयोगी पडेल. गाणी काय, सगळ्यांच्याच फोनमध्ये आहेत, प्लेलिस्ट दहा मिनिटांत होते. पण गाणं लागायच्या आधी जे थांबायला लागायचं आणि त्या थांबण्यात एक माणूस आपल्याशी जे बोलायचा, ते फोनमध्ये कुठंच नाही, आणि आपल्याला तेवढंच करायचंय.

आधी थोडी माहिती हाताशी ठेवा

निवेदन करताना मधेमधे सांगायला लागते, आणि घरातल्या पोरांना तर यातलं काहीच ठाऊक नसतं. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले, आपले पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर, आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरनं सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपारच झाली. लोकांना तर गाणी पाहिजेत. मग लोकांनी रेडिओचा काटा फिरवून कोलंबो धरलं. तिथं दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेला तगडा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होता, तोच पुढं रेडिओ सिलोनच्या हाती आला. ३ डिसेंबर १९५२ ला, बुधवारीच, गीतमाला सुरू झाली. सायानी तेव्हा वीस वर्षांचे पण पूर्ण नव्हते, २१ डिसेंबर १९३२ चा जन्म त्यांचा. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा आणि टेप विमानानं कोलंबोला जायची, तिथनं आवाज परत आपल्या बार्शीला यायचा. हे मला कळलं तेव्हा मी चाळिशीत होते आणि तरी अंगावर काटा आला.

विविध भारती आली ३ ऑक्टोबर १९५७ ला, पण तोवर लोकांचा बुधवार ठरून गेला होता. १९८८ पर्यंत गीतमाला सिलोनवर होती, १९८९ पासून विविध भारतीवर आली आणि १९९४ ला थांबली. मधे कुठंतरी बिनाका या टूथपेस्टचं, म्हणजे प्रायोजकाचं, नाव सिबाका झालं, आमच्या घरी मात्र शेवटपर्यंत बिनाकाच.

आणखी एक गोष्ट सांगायचीच. सायानींच्या आई कुलसुम सायानी 'रहबर' नावाचं पत्रक काढायच्या, नुकतंच लिहायवाचायला शिकलेल्या लोकांसाठी, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिपींत पण भाषा एकच, साधी हिंदुस्तानी. गांधीजींच्या सांगण्यावरनं. अमीन लहानपणी त्या कामात आईला मदत करायचे. घरात इंग्रजी-गुजरातीचं वळण, हिंदीच्या ऑडिशनला आकाशवाणीनं त्यांना उच्चारांवरनं नाकारलं होतं म्हणतात, आणि त्याच माणसाची हिंदी अख्ख्या देशानं कानात साठवली. आम्ही सोलापूर जिल्ह्यातली पोरं, शाळेत हिंदी पाचवीपासून, पण खरं हिंदी शिकलो ते बुधवारी. ते कठीण शब्द वापरायचेच नाहीत हो. ते आईकडनं आलेलं असणार असं मला कायम वाटतं.

वर्ष ठरवा, आणि ज्याच्यासाठी करताय त्याचंच वर्ष घ्या

"सदाबहार जुनी गाणी" असली सगळ्या दशकांची मिसळ करू नका. एकच वर्ष घ्यायचं. ते कसं निवडायचं? ज्याच्यासाठी करताय तो माणूस अठरा ते बावीस वयाचा होता तेव्हाचं घ्या, म्हणजे कॉलेज नाहीतर नवी नोकरी. त्या वयात ऐकलेलं गाणं हाडात जातं. दादा १९५५ चा, म्हणून मी १९७५ घेतलं.

गीतमालेत दर डिसेंबरात वर्षभरातल्या गाण्यांचा वार्षिक कार्यक्रम व्हायचा, आणि १९५३ पासूनच्या त्या वार्षिक याद्या जुन्या श्रोत्यांनी जपून ठेवल्यात, नेटवर सहज सापडतात. दोन ठिकाणच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून ताडून बघा कारण उतरवताना एखादा नंबर मागंपुढं झालेला असतो. १९७५ च्या यादीत पहिल्या नंबरावर महागाईवरची कव्वाली आहे, 'रोटी कपडा और मकान' मधली. ते बघितलं आणि मला आमचं त्या वर्षीचं घरच दिसलं. ७२ च्या दुष्काळातनं आमचा भाग नुकता कुठं सावरत होता, रेशनच्या रांगा होत्या, आणि आई भाकरी थापता थापता त्या गाण्यातला महागाईचा पाढा म्हणायची, हात न थांबवता. यादी हातात घेऊन असं एकेक गाणं आठवत बसायला एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवा, निवेदनाचा निम्मा मजकूर तिथंच मिळतो.

घरात कुणाची जुनी वही असेल तर मग सोन्याहून पिवळं. त्या काळी घरटी एक तरी पोरगं दर बुधवारी पायदानं लिहून घ्यायचं. दादाची वही म्हणजे माझ्याच भूगोलाच्या वहीची मागची बाजू, निळ्या शाईत नंबर, गाणं, सिनेमा, आणि कंसात मागच्या आठवड्यातला नंबर. सरताज गीत, म्हणजे सगळ्यात वरचं, लाल शाईनं. एका पानावर नऊ नंबरची ओळ कोरी आहे आणि समोर लिहिलंय "खरखर". वही सापडली तर तिच्यातला एखादा आठवडाच जसाच्या तसा करा, वार्षिक यादीची गरज नाही.

गाणी किती घ्यायची

एक तास म्हणजे साठ मिनिटं, आणि इथं सगळे फसतात, मी पण फसले होते. सत्तरच्या दशकातलं गाणं साडेचार-पाच मिनिटाचं असतं. सोळा गाणी पूर्ण वाजवली तर ऐंशी मिनिटं नुसती गाणीच झाली, बोलणार कधी? मूळ कार्यक्रमात पण सगळी गाणी पूर्ण वाजायची नाहीत. माझा हिशेब असा. खालची आठ पायदानं, मुखडा आणि एक अंतरा, प्रत्येकी दीड-दोन मिनिटं. मधली चार, तीन मिनिटांपर्यंत. वरची चार गाणी पूर्ण. झाली फार तर अठ्ठेचाळीस मिनिटं, उरलेली बारा मिनिटं तुमची. बोलायला प्रत्येक गाण्याला पंचेचाळीस सेकंद येतात, तेवढे भरपूर आहेत, उलट नवशिक्याला तेवढे पण भरून काढता येत नाहीत.

गाणं कापताना अंतरा संपून मुखडा परत आला की तिथं हळूहळू आवाज उतरवायचा. मधेच तोडलं तर ज्याला गाणं पाठ आहे त्याला ते फार लागतं.

क्रम यादीतलाच ठेवायचा का घरच्यांची मतं घ्यायची? पहिल्या वेळी यादीतलाच ठेवा. दुसऱ्या वेळेपासून मतं मागवा. आम्ही मतं पोस्टकार्डावर मागवतो, पोस्टकार्ड अजून स्वस्तात मिळतं, पोरांना ते बघूनच नवल वाटतं. मूळ गीतमाला सुरुवातीला स्पर्धाच होती, सात गाणी आणि शंभर रुपयाचं बक्षीस, आणि पत्रांचा असा पाऊस पडला की पुढं तिची पायदानांची गीतमाला झाली. तर पत्रं ही या कार्यक्रमाच्या मुळातच आहेत. व्हॉट्सॅपवर मतं घेतली की दोन मिनिटांत सगळ्यांना कळतं कोण पुढं आहे आणि मग ऐकायला काय उरलं. पोस्टकार्डातलं मत फक्त तुमच्याकडं राहतं. आत्याबाईंनी तर मतासोबत चार ओळी लिहिल्या, लग्नाआधी शेजारच्यांच्या खिडकीखाली उभं राहून ऐकायचो म्हणून, त्या मी निवेदनात वाचून दाखवल्या तेव्हा त्यांच्या सुनेला ते पहिल्यांदा कळलं.

निवेदन लिहायचं, पाठ करायचं नाही, आणि नक्कल तर अजिबात नाही

हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या आळीत दर तिसरा पोरगा "बहनो और भाइयो" करून दाखवायचा, गणपतीच्या स्टेजवर, बारशाला, कुठंही. नक्कल पाच मिनिटं बरी वाटते, तासभर नाही. त्यांचा आवाज त्यांच्यापाशी राहू दे. आपण त्यांच्याकडनं पद्धत घ्यायची. इतकी वर्षं ऐकून मला जी पद्धत दिसली ती सांगते.

ते बहिणींना आधी हाक मारायचे. तेव्हा सगळीकडं भाई आधी असायचे, हे "बहनो और भाइयो". आमची आई स्वयंपाकघरात असायची, तिला ते ऐकू यायचं. तुम्ही पण घरातल्या ज्या माणसाकडं कुणाचं लक्ष नसतं त्याच्यापासनं सुरुवात करा. मी पहिली हाक वहिनीला मारली, दादाला नाही.

दुसरं, गाणं कुणाचं हे सांगताना ते गीतकाराला विसरायचे नाहीत. गायक तर आवाजावरनं कळतो, संगीतकार पोस्टरवर असतो, पण शब्द कुणाचे हे आम्हाला त्यांनीच सांगितलं. साहिर, मजरूह, शैलेंद्र ही माणसं आहेत, वेगवेगळी आहेत, प्रत्येकाची लिहायची तऱ्हा निराळी आहे, हे बारा वर्षांच्या पोरीला बार्शीत बसून कळायचा दुसरा रस्ता नव्हता. वर्षभरात मला असं झालं की गाणं पहिल्यांदा ऐकलं तरी मनात अंदाज बांधायचा, हे साहिरचं असणार, आणि मग नाव येईपर्यंत श्वास धरायचा. बरोबर आलं की दादाकडं बघायचं. माझी गाण्याची आवड घडली म्हणते ना मी, ती अशी घडली, रोज थोडी थोडी ताडून बघत. तेव्हा निवेदनात प्रत्येक गाण्याला तीन नावं आलीच पाहिजेत, गायक, गीतकार, संगीतकार. माहीत नसेल तर शोधा, सीडीच्या कव्हरवर, कॅसेटच्या आतल्या कागदावर, सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांवर मिळतं.

तिसरं, नंबर आधी सांगायचा आणि गाणं नंतर. "मागच्या वेळी सहाव्या पायदानावर होतं, आज दोन पायऱ्या चढून चौथ्यावर आलंय, गायलंय किशोरकुमारनं..." इथं थांबायचं. मनात एक-दोन-तीन मोजायचं. तेवढ्यात ऐकणारे आपसात नावं घ्यायला लागतात, तेच पाहिजे. मग नाव, मग गाणं.

कागदावर लिहिताना जसं बोलता तसंच लिहा, "सदर गीत" वगैरे नको. अक्षर मोठं. जिथं थांबायचं तिथं तिरकी रेघ. एका पानावर एकच गाणं, म्हणजे बोलताना पान उलटायचा आवाज येणार नाही. आणि हसून बोला, खरंच, तोंडावर हसू असलं की ते आवाजात उतरतं, त्यांच्या आवाजात ते सारखं असायचं. समोर शंभर माणसं आहेत असं धरून बोलू नका, एकच माणूस धरा. मी वहिनीचा जुना फोटो समोर ठेवते.

रेकॉर्ड कसं करायचं

समोर बसून बोललं तरी चालतं पण मी आधी रेकॉर्ड करून ठेवते, कारण त्या रात्री मला पण ऐकणाऱ्यांच्यात बसायचं असतं. साधा फोन पुरतो. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्या तोंडाशी उभं राहून बोलायचं, कपडे आवाज शोषून घेतात आणि खोली घुमत नाही. फोन तोंडापासून वीतभर लांब, जरा कडेला, म्हणजे "प" आणि "भ" ला फुंकर बसत नाही. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, कोमट पाणी शेजारी. प्रत्येक गाण्याचं निवेदन वेगळी फाइल करा, चुकलं तर तेवढंच परत. मग ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं त्यात सगळं ओळीनं लावायचं, निवेदन, गाणं, निवेदन, गाणं. बोलण्याचा आवाज आणि गाण्याचा आवाज एका पातळीवर आणा, नाहीतर म्हातारी माणसं सारखी आवाज कमीजास्त करत बसतात.

हे घरापुरतंच ठेवा. गाण्यांचे हक्क कंपन्यांकडं असतात, यूट्यूबवर टाकलं की लगेच दावा येतो.

आणि सायानींचा खराखुरा आवाज ऐकायचा असेल तर सारेगामानं त्यांच्याकडनं 'गीतमाला की छाँव में' नावाची मालिका करून घेतलेली आहे, कारवां नावाच्या रेडिओसारख्या खोक्यात पण त्यांची गीतमाला आहे. निवेदन लिहायच्या आधी त्यातलं दोन तास तरी ऐका. शब्द उचलायला नको, चाल कानात बसायला.

घरात जुन्या कॅसेट असतील तर

इथं जरा सविस्तर लिहिते कारण इथं माझं नुकसान झालंय आणि तुमचं होऊ नये.

दादानं नोकरीला लागल्यावर टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकातच, घेतला, आणि ८२-८३ च्या काही गीतमाला आम्ही कॅसेटवर उतरवल्या. सी-६० कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, त्यामुळं बरोबर साडेआठला कॅसेट उलटायला लागायची आणि जे गाणं तेव्हा चालू असेल त्याचा मधला तुकडा गेला. त्याआधीच्या दोन कॅसेट तर मागितलेल्या टेपरेकॉर्डरवर, रेडिओसमोर माइक ठेवून केलेल्या. म्हणजे खोलीत जे काय चाललेलं ते पण सगळं टेपवर.

त्यातली एक कॅसेट मी काही वर्षांपूर्वी डिजिटल करायला एका दुकानात दिली. त्यांनी मन लावून काम केलं, सीडी छान करून दिली, आवाज एकदम स्वच्छ. घरी आणून लावली, ऐकत गेले, आणि एका जागी माझ्या लक्षात आलं की इथं आई बोलायची. सहाव्या पायदानाच्या आधी आईचा आवाज होता, लांबून, "अगं दिवा लावलास का?" आणि मागं स्टोव्हचा भुर्र आवाज. त्यांनी खरखर काढायचं फिल्टर लावलं त्यात स्टोव्ह पण गेला आणि आई पण गेली, नुसती एक पुसट कुजबुज राहिली. आई ९१ साली गेली, तिच्या आवाजाची दुसरी कुठली नोंद आमच्याकडं नाही. नशिबानं मूळ कॅसेट मी परत मागून घेतली होती.

तेव्हा पुढचं सगळं मी स्वतः शिकले. कॅसेट मिळाली की आधी तिच्या वरच्या कडेची दोन छोटी प्लॅस्टिकची जिभाळी मोडा, मग तिच्यावर चुकून काही रेकॉर्ड होत नाही. खिडकीतनं टेप बघा, पांढरे ठिपके किंवा पिठासारखं काही दिसलं तर ती बुरशी, ती कॅसेट लावूच नका, टेपरेकॉर्डर पण खराब होतो आणि दुसऱ्या कॅसेटला लागण होते, जाणत्या माणसाकडंच द्या. कॅसेटच्या उघड्या कडेला मधोमध, टेपच्या मागं एक बारकी स्पंजची गादी असते ती पडली असेल तर आवाज एकदम बारीक येतो. दुसऱ्या साध्या कॅसेटमधली गादी काढून बसवता येते, स्क्रूवाली कॅसेट असेल तर सोपं आहे. वापरायच्या आधी कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं फिरवून घ्या, वर्षानुवर्षं चिकटून बसलेली टेप मोकळी होते.

टेपरेकॉर्डरचं हेड साफ करायला औषधाच्या दुकानात आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिळतं, कान साफ करायच्या कापसाच्या काडीला लावून हलक्या हातानं पुसा, काडी तपकिरी झाली की दुसरी घ्या, पांढरी निघेपर्यंत. रबराच्या चाकाला मात्र ओल्या फडक्यानं पुसलं तरी चालतं. मग टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातनं वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला. लॅपटॉपला लाइन-इन नसेल तर यूएसबीचं छोटं ऑडिओ कार्ड मिळतं. ऑडॅसिटीत आवाजाची पट्टी लाल रंगाला लागू देऊ नका, जरा खालीच ठेवा. वेव्ह फाइल करा, एमपीथ्री नंतर. आवाज दबका, उशीतनं आल्यासारखा वाटला तर हेडशेजारी एक बारका स्क्रू असतो, कॅसेट चालू ठेवून तो अगदी पाव-पाव वळसा फिरवत बघायचा, एका जागी "स" आणि "श" एकदम उघडे ऐकू येतात, तिथं सोडायचा.

आणि मूळ फाइल जशी आली तशी, खरखरीसकट, दोन ठिकाणी ठेवायची. साफ करायचं ते तिच्या कॉपीवर. मी आईची कॅसेट परत उतरवली तेव्हा स्टोव्हपण आला आणि "दिवा लावलास का" पण आलं, आणि त्याच्यामागं बारा कोसावरनं आल्यासारखा माझा आवाज, "लावला गं." हे मी विसरूनच गेले होते, की मी उत्तर दिलेलं.

त्या रात्री

आठ म्हणजे आठ. सव्वाआठ नाही, पाहुणे यायचेत म्हणून थांबणं नाही. गीतमाला कुणासाठी थांबायची नाही आणि त्यातच तिचा दरारा होता, आमच्याकडं जेवणं साडेसातला उरकायची. यादी कुणाला आधी सांगायची नाही, अगदी कितीही गळ घातली तरी. फोन सगळ्यांचे दुसऱ्या खोलीत. एखादं गाणं आवडलं म्हणून परत लावायचं नाही, नाही आवडलं म्हणून पुढं ढकलायचं नाही. हा नियम नातवंडांना पहिल्या दहा मिनिटांत जड जातो, नंतर तीच "पुढचा नंबर कुणाचा" म्हणून पुढं सरकून बसतात.

दिवा एकच ठेवा. आमच्या जुन्या व्हॉल्वच्या रेडिओला मॅजिक आय होता, हिरवा, स्टेशन नीट लागलं की त्याची फट मिटत यायची, आणि आम्ही त्या हिरव्या उजेडाकडं बघत ऐकायचो. गच्चीवर तांब्याच्या जाळीची पट्टी बांधलेली, तिची वायर खिडकीतनं आत. शॉर्टवेव्ह लाटा वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत खाली येतात म्हणून तर कोलंबोचा आवाज एवढ्या लांब पोचतो, पण तो थर सारखा हलत असतो म्हणून आवाज भरतीसारखा यायचा आणि ओहोटीसारखा जायचा. नेमकं दुसऱ्या नंबरच्या वेळी जायचा. तेव्हा दादा उठून वायर हातात धरायचा आणि हलायचा नाही, गाणं संपेपर्यंत, एकदा तर हात वर करून पाच मिनिटं. हे सगळं नातवंडांना सांगायचं असेल तर कार्यक्रमाच्या आधी सांगा, मधे नको.

सरताजच्या आधी बिगुल पाहिजेच. नेटवरचा कुठलातरी बिगुल लावू नका, घरातल्या सगळ्यात लहान पोराला ते काम द्या. आमच्याकडं दादाच्या नातवानं भगवंताच्या देवळाबाहेरनं आणलेली पिपाणी वाजवली, सात वर्षांचा, आठवडाभर सराव करून, घरातल्यांचे कान किटले होते तोवर.

दादाच्या सत्तरीला मी सगळं केलं, कपाटासमोर उभं राहून निवेदन, सोळा गाणी. सहाव्या पायदानाच्या आधी, त्या जुन्या कॅसेटवर होता तिथंच, मी आईचा तो तुकडा लावला, चार सेकंदाचा, काही न सांगता. दादा खुर्चीत होता, डोळे मिटलेले. आवाज आला तसा त्याचा उजवा हात वर गेला, वायर धरल्यासारखा, आणि तसाच राहिला. वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, राहू दे म्हणून. पाचवं पायदान लागेपर्यंत हात वर होता.

कार्यक्रम संपला, नऊ वाजून दोन मिनिटं. दादानं चष्मा लावला, वही मागितली, भूगोलाची, आणि म्हणाला, तिसरा नंबर चुकलाय तुझा, हे गाणं तिसऱ्यावर कधीच नव्हतं. मी म्हटलं ही वार्षिक यादी आहे, तू आठवड्याची म्हणतोयस. तो म्हणाला दाखव. साडेदहापर्यंत आम्ही वहीतलं एकेक पान उलटत होतो, वहिनी दोनदा झोपा म्हणून सांगून गेली. पुढच्या बुधवारी ७४ करायचं ठरलं, आणि निवेदन दादानं लिहायचं, मी फक्त मतं मोजायची.